पीएस५ ला कापडी कव्हर घालावं की नको? (आणि धूळ काढायची कशी?)

सिंहगडरोड | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २०२१ मध्ये घेतलेला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) आहे, डिस्कवाला. इतकी वर्षं कधी कुरकुर केली नाही, पण गेला महिनाभर गेम सुरू करून अर्धा तास झाला की पंखा घरघरायला लागतो आणि परवा तर स्क्रीनवर सरळ सूचनाच आली, कन्सोल फार गरम झालाय, बंद करून थंड होऊ द्या. छातीत धस्स झालं.

घर सिंहगड रस्त्याला, समोरच टॉवरचं बांधकाम चालू आहे. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं एवढी धूळ. म्हणून आईने सहा महिन्यांपूर्वी जुन्या इरकली साडीचं कव्हर शिवून दिलं. अगदी मापाचं, आतून अस्तर, खाली नाडी. रोज रात्री टीव्ही बंद झाला की ती न चुकता घालते. तिने एवढ्या मायेने केलंय की "काढ" म्हणवत नाही, पण मला शंका येतेय की कव्हर आल्यापासूनच तापणं वाढलंय.

तर प्रश्न दोन. कव्हर घालणं बरोबर की चूक? आणि तुम्ही लोक घरच्या घरी कन्सोल साफ कसा करता? वॉरंटी वर्षभराचीच होती, ती केव्हाच संपली, त्यामुळे ती काळजी नाही. काळजी एवढीच की माझ्या हाताने काही मोडायला नको.

---

अनुस्वार | शनिवार, रात्री ११:२५

काकूंना नमस्कार सांगा. इरकलीचं कव्हर म्हणजे तुमचा पीएस५ महाराष्ट्रातला सर्वात नटलेला कन्सोल असणार. फोटो टाका आधी.

---

जुनी_कॅसेट | शनिवार, रात्री ११:४८

धागा वाचून आमचं लहानपण आठवलं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा तो गेम, त्याची कॅसेट लागली नाही की पहिला उपाय काय, तर काढायची, फूऽऽ करायचं, परत खुपसायची. चाळीतल्या प्रत्येक पोराची फुंकायची पद्धत वेगळी. आमच्याकडे एक दादा होता, तो डावीकडून उजवीकडे बासरीसारखी फुंकायचा आणि त्याचीच लागायची.

मोठेपणी कळलं की फुंकीचा काही उपयोग नव्हता. त्या कॅसेटींना खाली साठ पिना असायच्या, त्या काढून परत घातल्या की घासल्या जाऊन संपर्क व्हायचा, श्रेय मात्र फुंकर घ्यायची. उलट तोंडातली वाफ आणि थुंकी तांब्यावर बसून पिना काळ्या पडायच्या. गेल्या दिवाळीत माळ्यावरून तो डबा काढला, पिनांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, बोळा काळा कुळकुळीत. तीन वेळा पुसल्यावर चौदापैकी अकरा कॅसेट लागल्या. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, बाबा हे एवढंसं चित्र बघून तुम्ही ओरडायचात?

तेव्हा पहिला नियम माझ्याकडून: कन्सोल जुना असो की नवा, तोंडाने फुंकायचं नाही.

---

सोल्डरिंगवाला | रविवार, सकाळी ८:०५

मी दुरुस्तीचंच काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी घाबरू नका. पीएस५ हा साफ करायला सोपा कन्सोल आहे, सोनीने तो विक्रीला यायच्या आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्वतःच खोलून दाखवणारा व्हिडिओ काढला होता. दोन्ही बाजूच्या पांढऱ्या प्लेट स्क्रूशिवाय निघतात. कोपरा हलकाच उचलायचा आणि सरकवायची, खट्ट आवाज येतो, तो ऐकून पहिल्यांदा सगळ्यांचाच जीव वर येतो पण काही तुटत नाही. त्याआधी कन्सोल पूर्ण बंद करा, वायर भिंतीतून काढा, थंड होऊ द्या, उभा ठेवला असेल तर स्टँडचा स्क्रू काढा.

प्लेट निघाली की मोठा काळा पंखा दिसेल, १२० मिलीमीटरचा, जाडी ४५. हा दोन्ही बाजूंनी हवा ओढतो, म्हणून दोन्ही प्लेट काढायच्या, एकच काढून समाधान मानू नका. आणि बारकाईने बघा, तिथेच दोन भोकं आहेत. ती मुद्दाम ठेवलीत, आत येणारी धूळ तिथे साठावी आणि व्हॅक्यूमने ओढून घेता यावी म्हणून. निम्म्या लोकांना ही भोकं माहीतच नसतात.

पंख्याची पाती एका हाताने धरून ठेवा नि मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंखा भिंगरीसारखा फिरवत बसू नका, गंमत वाटते पण बेअरिंगवर ताण येतो आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवते.

याच्या पुढे जाऊ नका. चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्या मध्ये उष्णता पोचवणारी नेहमीची पेस्ट नाही, लिक्विड मेटल आहे. पातळ धातू, वीज वाहून नेतो, एक थेंब भलत्या जागी गेला की बोर्ड संपला. माझ्याकडे असे दोन पीएस५ आले जे कुठल्यातरी दुकानात उघडून, ते धातू पुसून, साधी पेस्ट लावून दिले होते. गिऱ्हाईकाला सांगितलं "सर्व्हिसिंग केलं". दहा मिनिटांत बंद पडायचे. ज्याला काम येत नाही त्याने नाही म्हणावं ना, लोकांच्या कष्टाच्या पैशाची वस्तू आहे ती.

कव्हरबद्दल माझा एकच प्रश्न. रात्री कव्हर घालताना पुढचा दिवा कसा असतो? केशरी?

---

माऊचीआई | रविवार, सकाळी ९:३०

@सोल्डरिंगवाला, पंखा धरून ठेवायचा हे मला माहीत नव्हतं, मी चार वर्षं फिरवतेय 😟

आमचा पीएस४ स्लिम. घरात मांजर. कन्सोल आडवा, वरून कोमट, म्हणजे माऊला खास तिच्यासाठी घेतलेली गादीच. ती त्यावर झोपते आणि एक पाय मागच्या जाळीवर. वर्षातून दोनदा मी पाठीमागून केस काढते ते अक्षरशः दुसरं मांजर होईल एवढे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. धूळ धूळ म्हणतो आपण, पण आमच्या ठाण्याच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर एकच. फोडणीचा तेलकट धूर सगळीकडे बसतो, त्यावर धूळ बसते आणि तिचा चिकट थर होतो. तो ब्लोअरने हलत नाही. एक्झॉस्टच्या वरच्या पात्यांवर असतो ना, तसाच. मी मायक्रोफायबरच्या फडक्याला दोन थेंब आयसोप्रोपिल लावते, फडक्याला, कन्सोलवर नाही, आणि जाळीच्या एकेका फटीतून टूथपिकला गुंडाळून फिरवते. मोहरी तडतडली की माझ्या डोळ्यासमोर आता ती जाळीच येते. शेवटी टीव्ही युनिट समोरच्या भिंतीला हलवलं, तेव्हापासून निम्मा त्रास गेला.

---

मागवाला_इचल | रविवार, सकाळी १०:१५

भावांनो तुमची धूळ ती काय धूळ. इचलकरंजीत या, घराला लागून यंत्रमाग आहेत, दिवसभर कापसाचे तंतू हवेत. हे मातीसारखे आत पडत नाहीत, हे जाळीवर अडकतात, एकात एक गुंततात आणि दोन आठवड्यांत जाळीवर छान पांढरी गादी तयार. बोटाच्या चिमटीत धरून सोलता येती, पापुद्र्यासारखी.

मी एकदा लई हुशारी केली, बायकोचा जुना नायलॉनचा मोजा जाळीवर ताणून बसवला, फिल्टर म्हणून. तंतू आत जायचे थांबले खरे, पण हवा पण थांबली. दोन तासात मशीन तापून बंद. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या जाळ्या लावायच्या असतील त्यांनी पण विचार करा, फिल्टर लावला की तो आठवड्याला साफ करायची तयारी पाहिजे, नाही तर तो फिल्टर नव्हे, बूच होतोय.

आता दर रविवारी रंगाचा एक इंची ब्रश, नवा कोरा, फक्त यासाठी ठेवलेला. पाच मिनिटं. आत उघडायची वेळ वर्षातून एकदाच येती.

---

टेक्निकल_तात्या | रविवार, सकाळी १०:४०

व्हॅक्यूम क्लीनरला माझा सक्त विरोध. प्लास्टिकच्या नळीतून कोरडी हवा धूळ घेऊन जाते तेव्हा स्थिर वीज तयार होते, ती चिपला मारक. ब्लोअरच वापरा. पाचशे-सहाशे वॅटचा हातातला मिळतो, एकदा घेतला की पंखे, कॉम्प्युटर, खिडक्यांचे ट्रॅक सगळं होतं.

---

सोल्डरिंगवाला | रविवार, दुपारी १२:२०

तात्या, उघड्या बोर्डावर व्हॅक्यूमची नळी टेकवायची नाही हे शंभर टक्के मान्य. पण पीएस५ च्या त्या दोन भोकांजवळ बोर्ड उघडा नसतो, आणि ती व्हॅक्यूमसाठीच दिलेली आहेत. नळी टेकवू नका, थोडी लांब धरा.

ब्लोअरचं म्हणाल तर तो धूळ काढत नाही, हलवतो. बाहेरून जाळीत जोरात मारलात तर जी धूळ तोंडाशी होती ती आत हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते, तिथून काढायला मग सगळं खोलावं लागतं. आधी ब्रश आणि व्हॅक्यूमने ओढा, उरलेल्यासाठी ब्लोअर, कमी वेगावर, आतून बाहेरच्या दिशेने. आणि हे काम गॅलरीत करा.

डब्यातली हवा वापरत असाल तर डबा उभा धरा. तिरपा किंवा उलटा केला की आतला द्रव बाहेर येतो आणि बर्फासारखा गार फवारा बसतो.

---

टेक्निकल_तात्या | रविवार, दुपारी १२:३५

भोकांचं माहीत नव्हतं. त्या पुरता विरोध मागे घेतो. बाकी कायम.

---

एक_वाटसरू | रविवार, दुपारी १:१०

ब्लोअरवरून सांगतो, कोणी करू नये म्हणून. मी कॉलेजात असताना कन्सोल घेऊन पंक्चरच्या दुकानात गेलो. म्हटलं फुकटात कॉम्प्रेसरची जोरदार हवा. त्या काकांनी बिचाऱ्यांनी विचारलं पण, नक्की मारू का. पहिल्या झोतात धुळीचा ढग आणि मागोमाग पाण्याचे तुषार. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, तेल पण असतं, हे मला नंतर कळलं. तसाच घरी आणून चालू केला. टिक्, आणि संपलं. दोन वर्षं ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशाचा होता. आजही हवा भरायला गेलो की तो आवाज आठवतो. दोन दिवस वाळवला असता तर कदाचित वाचला असता.

---

भंडारीमाड | रविवार, दुपारी ३:००

वेंगुर्ल्याहून लिहिते. आमच्याकडे धूळ कमी, पण खारी हवा आणि चार महिने पाऊस. यूएसबीच्या तोंडाला गंज, एचडीएमआयला हिरवट डाग. भावाने पावसाळ्यात कन्सोल प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता, गणपतीला उघडला तर पिशवीच्या आतून थेंब! ओल आत कोंडली. तेव्हापासून आम्ही पावसात मुद्दाम आठवड्यातून दोनदा तासभर चालू करतो, स्वतःच्या उबेनेच तो सुकतो. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या, त्या पण अधूनमधून बदलायच्या.

आणि पाल. जुन्या जाड्या पीएस२ ला मागे एक रिकामा कप्पा असायचा, झाकण निघालं की उघडाच. आमच्यात त्यात दोन अंडी सापडली, पांढरी, पेपरमिंटच्या गोळीएवढी. आजीने ती सुपात घेऊन माडाखाली ठेवली आणि दादाला दम दिला, "आधी तिका जागा बघून दी, मगे खेळ." दादाने पुठ्ठा कापून कप्पा बंद केला. मुंग्या-झुरळांसाठी एकच सांगणं, खेळताना कन्सोलजवळ फरसाण नको. उबेला आणि तुकड्यांना ती येतातच.

---

अनुस्वार | रविवार, दुपारी ३:१५

मांजर, पाल, मुंग्या, झुरळं. पीएस५ मध्ये आता मनुष्यवस्ती पण आहे का ते बघायला हवं.

---

धंतोली | रविवार, संध्याकाळी ६:४५

बाप्पा, नागपूरच्या उन्हाचं कोणी नावच नाही घेतलं अजून! पीएस५ च्या पुस्तकात लिहिलंय, ५ ते ३५ अंश तापमानात वापरा. मे महिन्यात बाहेर ४५, हॉलमध्ये दुपारी ३८ आरामात. म्हणजे मशीन सुरू करायच्या आधीच आपण मर्यादेबाहेर. त्यात जाळी तुंबलेली असली तर काय होईल तिचं. आम्ही मे-जूनमध्ये खेळतो ते पहाटे नाही तर रात्री दहानंतर.

दुसरं, कुलर. पोरं कुलरच्या झोतात कन्सोल ठेवतात, थंड राहील म्हणून. नका ठेवू. त्या हवेत ओल असते, कधी बारीक तुषार असतात, आणि धूळ भिजून आत चिकटते. मी उघडला तेव्हा मातीचा लेप बसावा तसं होतं, ब्रशने निघेना, खरवडावं लागलं.

भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर लांब ठेवा, हे पण पुस्तकातच आहे. काचेच्या बंद कप्प्यात तर नकोच.

---

शारजाहकर | रविवार, रात्री ९:२०

इथे वाळू. शमालचा वारा सुटला की खिडक्या बंद असून पिठासारखी बारीक रेती घरात. एकच गोष्ट सांगतो, पुसायची घाई करू नका. रेतीवर कोरडं फडकं फिरवलं म्हणजे पॉलिश पेपर फिरवला. पीएस५ चा मधला काळा चकचकीत भाग माझ्या पहिल्याच आठवड्यात ओरखड्यांनी भरला. आधी कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा दाबून रेती उडवायची, मग फडकं. डिस्कचंही तसंच, पुसताना मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

कंट्रोलरच्या काठीच्या बुडाशी रेती गेली की कॅरेक्टर आपोआप चालायला लागतं. नेहमी तो दोष झिजेचाच असतो असं नाही, तिथे आधी फुगा मारून बघा.

---

सिंहगडरोड | सोमवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं शिकायला मिळेल वाटलं नव्हतं. @सोल्डरिंगवाला, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. काल रात्री मुद्दाम बघत बसलो. मी गेम बंद केला, टीव्ही बंद केला, आई आली, कव्हर घातलं, नाडी ओढली. मी कव्हर उचलून बघितलं तर दिवा केशरी. म्हणजे रेस्ट मोड. एक मोठा अपडेट उतरत होता आणि हात लावला तर मशीन गरम. सहा महिने रोज रात्री आम्ही त्याला चालू असताना गोधडीत गुंडाळत होतो. आईचा काही दोष नाही, तिच्या लेखी टीव्ही बंद म्हणजे सगळं बंद, आणि मी तिला कधी सांगितलंच नाही.

रविवारी उघडतो.

---

सोल्डरिंगवाला | सोमवार, रात्री १०:३०

हेच वाटलं होतं. पांढरा दिवा चालू, केशरी म्हणजे झोपलाय पण जागा, दिवा नाही म्हणजे पूर्ण बंद. कव्हरला माझा विरोध नाही, उलट तुमच्या बांधकामाच्या धुळीत ते उपयोगाचं आहे. फक्त दिवा विझलेला असतानाच, आणि मशीन गार झाल्यावर.

---

सिंहगडरोड | पुढचा रविवार, दुपारी ४:५०

उघडला! दोन्ही प्लेट निघाल्या, खट्ट आवाजाला खरंच जीव वर आला. आत पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या धारेला राखाडी लोकर, पावसाळी चपलेच्या तळाला चिखल बसतो तशी सलग पट्टी. ती दोन भोकं तर दिसतच नव्हती, धुळीनेच लिंपलेली. आधी ब्रश, मग व्हॅक्यूम लांबून. भोकातून धुळीची गुंडाळी निघाली ती करंगळीएवढी.

आणि एक गोष्ट. पंख्याच्या मधल्या बोंडाला एक दोरा गुंडाळलेला होता. जांभळा. आईला हाक मारली. तिने चष्मा लावून, दोरा तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाली, "ही माझी इरकल आहे. कडा मी दुमडली नव्हती रे आतून." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला दिवा दाखव तुझा कुठला तो."

आता कन्सोल शेजारच्या भिंतीवर तिच्या अक्षरात कागद चिकटवलाय: केशरी – नको. अंधार – चालेल.

आज दोन तास खेळलो, पंखा ऐकूच येत नाही.

---

माऊचीआई | पुढचा रविवार, संध्याकाळी ५:१५

डोळ्यात पाणी आलं हो वाचून. काकूंना सांगा त्यांनी कव्हर शिवलं म्हणून बांधकामाची निम्मी धूळ तरी बाहेर राहिली. मलाही शिवायचंय, कन्सोलसाठी आणि माऊला वर बसू न देण्यासाठी. मापं मिळतील का? भाऊ पीएस५ घेतोय, त्याच्यासाठी पण करेन.

---

सिंहगडरोड | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:४०

जुन्या मोठ्या मॉडेलचं माप: उंची ३९ सेंटिमीटर, खोली २६, रुंदी साधारण साडेदहा. नवा थोडा लहान आहे, भावाचा आल्यावर टेपने मोजून घ्या. आई शेजारीच बसलीय, ती सांगतेय ते लिहितो: सुती कापड घ्या पण सुटे दोरे निघतील असं नको, चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर जास्त धरा, अस्तर लावू नका, नाडी नको, खालून मोकळं असू द्या. आणि कडा आतून दोनदा दुमडून मगच शिलाई मारा.